नऊ नंबरची शिट्टी

वहिनी दार लावते, कुलूप घालते, दोन पायऱ्या उतरते आणि परत वर येऊन कुलूप ओढून बघते. गॅस बंद करते, पुन्हा चालू करते, पुन्हा बंद करते. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा मला वाटलं, दादाने हिच्यात बघितलं तरी काय? नंतर कळलं की हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग आहे. ती टेस्टर होती. डेव्हलपरने प्रोग्रॅम लिहायचा आणि हिने त्यातल्या चुका काढायच्या. खरं तर चुका काढायचा हक्क नणंदेचा, पण आमच्या घरात ते काम आधीच पगारी माणसाकडे गेलेलं होतं.

माझे बाबा एका चुकीने गेले. ती चूक कुणाची, यावर तिच्या कंपनीत आणि आमच्या घरात पुष्कळ तोंडं वाजली. सगळ्यात जास्त माझं वाजलं.

ऑफिसात तिचं नाव पडलं होतं 'नाट'. प्रोग्रॅम तयार झाला, सगळे खूश, की ही नाट लावायला हजर. "आडनाव न लिहिताच पुढे गेलं तर काय होतं?" आणि नेमकं काहीतरी व्हायचंच. तिच्या समोर बसणारा डेव्हलपर तिच्याहून लहान. बोटं अशी पळवायचा की सगळे त्याला 'भरधाव' म्हणत. दोघं कडाकडा भांडायचे आणि जेवायला एकत्र बसायचे.

"ताई, माझ्याकडे तर चालतंय," तो म्हणायचा.

"मग पेशंटला तुझ्याच टेबलावर आणून झोपवू," ही म्हणायची.

पेशंट म्हणायचं कारण त्यांचा प्रोग्रॅम हॉस्पिटलसाठी होता. वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या बोटाला एक चिमटा, आणि सगळ्या खाटांची माहिती नर्सच्या टेबलावरच्या एका स्क्रीनवर. कुणाचा ऑक्सिजन खाली गेला की त्या खाटेची ओळ लाल होते आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. तपासायला वहिनी नेहमी नऊ नंबरची खाट घ्यायची. कारण काही नाही, ती ओळ स्क्रीनच्या बरोबर मधे यायची. दिवसभर नऊ नंबर मरायला टेकायचा आणि दिवसभर शिट्टी वाजायची. आजूबाजूचे लोक कावले. वहिनीचंही डोकं उठलं.

"ताई, नऊचा आवाज बंद करून देऊ? तुम्ही नुसतं लाल बघा. हॉस्पिटलला द्यायच्या आधी काढून टाकतो."

"कर बाबा. घालव ती शिट्टी एकदाची."

प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालायचं काम. ती काढायची तो विसरला. विसरलो तरी ताई आहेत, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, हा त्याचा भरवसा. वहिनीचा भरवसा असा, की ज्याने घातली तो काढेलच. शेवटच्या तपासणीत तिने तीन नंबरची शिट्टी ऐकली, बाराची ऐकली. नऊ तर रोजच्या पाहण्यातला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा. जन्मभर नाट लावणाऱ्या बाईने नेमकी तिथे लावली नाही.

पुढे बाबांना न्यूमोनिया झाला. वॉर्डात शिरल्या शिरल्या वहिनीला ती स्क्रीन दिसली आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा, हे आमचंच आहे बरं का!"

बाबांना बोलताना धाप लागत होती, तरी म्हणाले, "सूनबाई, तू तपासलंयस ना? मग यमाला आधी तुझी परवानगी काढावी लागेल."

खाट मिळाली नऊ नंबरची. "माझा लाडका नंबर," असं म्हणत तिने उशी नीट केली. शिट्टीची आठवण तिला झाली नाही.

बाबा सुधारत होते. डॉक्टर घरी सोडायचं बोलायला लागले होते. त्या दुपारी मी घरी आंघोळीला गेले होते, वहिनी खाली चहा आणायला. नर्स वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, एका आजोबांची चादर बदलत पाठमोरी. बाबांचा ऑक्सिजन उतरला. ओळ लाल झाली. शिट्टी वाजली नाही. वहिनीने परत येऊन आरडाओरडा केला तेव्हा सगळे धावले, पण बाबा हाती लागले नाहीत.

भरधाव आमच्याकडे आला आणि आत न येता दारातच खाली बसला. "ओळ माझी होती," एवढंच म्हणत राहिला. कंपनीने मात्र ठरवलं की हे टेस्टिंगमध्ये सापडायला हवं होतं. वहिनीला काढलं. त्याला ठेवलं, कारण ती ओळ पुसायला कुणीतरी हवंच होतं. मी चवताळले. लिहिणारा मोकळा आणि बघणारी फासावर? कंपनीत जाऊन मी साहेबाला नाही नाही ते बोलले. वहिनी शेजारी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, बिचारी खचली आहे.

मग एका सकाळी आम्ही दोघी बाबांचे कपडे घडी करून पिशवीत भरत होतो. एक शर्ट हातात धरून ती म्हणाली, "माझ्यासाठी भांडू नका आता."

"का नको?"

"मी चहा घेऊन वर आले तेव्हा नऊ लाल झालेला होता. मी पाहिला."

"मग?"

"मला बरं वाटलं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ऑफिसात रोज तेच बघायचे हो मी. नऊ लाल, आवाज नाही. म्हणजे सगळं बरोबर. मी मनात 'पास' म्हटलं आणि नर्सच्या टेबलाला टेकून चहा प्यायले. तोंडात चहा असताना कळलं, मी ऑफिसात नाहीये."

"किती वेळ?"

"एक घोट."

डॉक्टर म्हणाले होते की ओळ लाल होऊन बराच वेळ गेला होता, एवढ्या तेवढ्याने काही फरक पडला नसता. ते मी तिला सांगितलं नाही. मला तिचा राग आला होता, अजूनही येतो, आणि तिच्याशिवाय या घरात मला करमतही नाही. मी तिच्या हातातला शर्ट घेतला आणि घडी घातली.

हल्ली तिच्या खोलीतला गजर सकाळी वाजायला लागला की आपोआप थांबेपर्यंत वाजतो. ती जागीच असते, पण हात लावत नाही. दादा डोक्यावर उशी घेतो. मी भिंतीपलीकडे ऐकत पडून राहते. बंद कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.