रबरवालीचं नाव कागदावर

काठी घसरली की म्हाताऱ्या माणसाचा घात. रबरवालीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या सासूबाई न्हाणीघरात दोनदा आपटल्या होत्या.

नवरा गेल्यावर तिनं गल्लीतला त्याचा रबराचा प्रेस चालू ठेवला. आधाराच्या काठ्या बनवणारी एक मोठी कंपनी तिच्याकडून टोकाची रबरं घ्यायची. एक दिवस कंपनीचे साहेब स्वतः आले. "ताई, आजपासून तुम्ही नुसत्या पुरवठादार नाही, भागीदार. न घसरणारं रबर आपण मिळून शोधू."

शब्द गोड होता. ती सात महिने खपली. अकरा वेळा मिश्रण बदललं. साबणाचं पाणी ओतलेल्या फरशीवर सासूबाई काठी टेकत चालायच्या, तोल गेलाच तर सावरायला ती मागे उभी. "हे सरकतंय गं. कालचं बरं होतं." प्रत्येक शेरा तारखेनिशी वहीत. शेवटी खोलगट, तिरप्या चिरा असलेलं रबर तयार झालं. "आता ढकल मला," सासूबाई म्हणाल्या. काठी तसूभर हलली नाही.

दोन महिन्यांनी कंपनीचं माहितीपत्रक हाती आलं : 'आमच्या संशोधन विभागाचा शोध.' चौकशी केली, तर पेटंटच्या अर्जावरही एकट्या साहेबांचं नाव.

"आयत्या बिळावर नागोबा!" सासूबाई कडाडल्या.

ती तडक ऑफिसात गेली. साहेब हसले. "कल्पना आमचीच ना, ताई? तुम्ही फक्त बनवून दिलंत."

"फक्त? साबणाच्या फरशीवर तुमच्या आईला चालवलं होतंत का?"

त्यांनी फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र पुढे सरकवलं. ते टेबलावर पालथं घालून ती निघाली.

पुढच्याच आठवड्यात कंपनीनं तिच्या प्रेसवरचा आपला साचा उचलून नेला, काम दुसऱ्या प्रेसला दिलं. तिनं वहीच्या नकला जोडून पेटंट कचेरीत हरकत घेतली. खेटे घालून चपला झिजल्या. सव्वा वर्षानं तिचं नाव अर्जावर आलं, साहेबांच्या खाली. काम काही परत आलं नाही. आली ती फक्त कंपनीची चिठ्ठी : 'सहकार्याबद्दल आभार.'

"सहकार्य?" तिनं चिठ्ठी सासूबाईंना वाचून दाखवली. "शोध मी लावला, आणि सहकार्य म्हणे!"

हल्ली चाकांच्या खुर्च्या बनवणारा एकजण येतो. मिळून काहीतरी नवीन करू म्हणतो. तिनं आधी लेखी करार मागितला.

"विश्वास नाही का, ताई?"

"नाही."

तो तोंड पाडून गेला. चौथ्या दिवशी कागद घेऊन आला. तिनं तो दोनदा वाचला, एक ओळ खोडायला लावली आणि मगच त्याला प्रेसच्या खोलीत येऊ दिलं.