चिंधी बांधलेला दोडका

वेलावरच वाळून खडखडीत झालेला दोडका कानाशी धरून हळूच हलवला की आतून जो नाद येतो, तो ऐकल्याशिवाय माझा आश्विन सुरूच होत नाही. साल भुरकट, शिरा ताठ, वजन इतकं कमी की हातात काही आहे की नाही याचीच शंका यावी. आणि तरी आत पुढच्या वर्षाचा अख्खा वेल काळ्याभोर बियांच्या रूपाने निश्चिंत निजलेला! परसबागेचं बी निवडणं हा माझा खासगी सण. गवारीच्या शेंगा, अंबाडीची बोंडं, डांगराच्या बिया सुपात पसरून मी बसले की घरात कोणी चहासुद्धा मागायचा नाही.

पण दोडक्याइतकी परीक्षा दुसरं कुठलंच बी घेत नाही. डांगर चिरावं, चाखावं, मग त्याचं बी धरावं. दोडका मात्र बियांसाठी वेलावरच जून होऊ द्यायचा, वाळू द्यायचा. तो गोड की कडू हे जिभेला कधी कळणारच नाही. मग ओळखायचं कसं? त्याच वेलावरच्या त्याच्या भावंडांवरून! भावंडं गोड निघाली की निवडलेल्या दोडक्याला लुगड्याची चिंधी बांधायची, आणि ती दिसली की घरातल्या कोणी त्याला हात लावायचा नाही.

आमचं दोडक्याचं बी सासूबाईंनी साखऱ्याहून, त्यांच्या माहेराहून आणलेलं. त्या गेल्या, त्यांचे दागिने नणंदांकडे गेले, माझ्याकडे हे बी राहिलं, आणि खरं सांगू का, मला त्याचाच अभिमान जास्त होता. नव्वदीच्या दशकाअखेरीस एका वर्षी उंदरांनी बियांचं मडकं फस्त केलं. उरल्यासुरल्या बियांतून एकच वेल उगवला. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या रुक्मिणकाकूंनी वारंगा फाट्यावरच्या दुकानातून दोडक्याच्या बियांचं पाकीट आणलं. मधल्या तुराट्यांच्या कुंपणावर दोन बाजूंनी दोघींचा एकेक वेल चढला. शेळ्यांना पाला टाकता टाकता काकू पलीकडून ओरडायच्या, "अगं, पाकिटाचं बी लय ग्वाड निघालं बघ! तू काहून त्या जुन्याला धरून बसली?" मी वरवर हसायची आणि आतून जळायची. माझ्या बाजूला पहिला दोडका लागला तोच पोळ्यानंतर. तो इतका सरळ, इतका देखणा होता, की भावंडांची वाट न पाहता मी त्याला चिंधी बांधून टाकली.

दसऱ्याला थोरल्या नणंदबाई आल्या. मी मोठ्या कौतुकाने चिंधीच्या आसपासचे कोवळे दोडके तोडून भाजी केली. पहिल्याच घासाला त्यांनी तोंड वाकडं केलं. "आईचं बी कडू झालं की गं," एवढंच म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. कडू वेलाचं बी धरायचं नाही, हा सासूबाईंचाच दंडक. आणि घरात दुसरं बी नव्हतं. त्यांनी माहेराहून आणलेली, इतकी वर्षं पिकवलेली ती चव माझ्याच हातून कायमची संपणार होती! मी न्हाणीत जाऊन रडले.

सकाळी वेल उपटायला गेले. उपटायचा तर मुळाशी. म्हणून चिंधीपासून देठ, देठापासून वेल, असं पानांतून चाचपत बोटं खाली नेली. वेल कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेला. मीही वळसा घालून पलीकडे गेले. तो उतरला थेट काकूंच्या आळ्यात! मग माझा वेल कुठे होता? माझ्या आळ्यातून निघून, त्याच कुंपणातून घुसून, तो सबंध काकूंच्या बाजूला पसरला होता. म्हणजे पावसाळाभर काकू ज्याचे गोडवे गात होत्या, ते सासूबाईंचंच बी! आणि वर शेंड्याजवळ एक भला थोरला दोडका वाळत लोंबत होता. त्याला काकूंच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

"काकू, ह्यो वेल माझा हाय," मी कसंबसं म्हणाले.

काकूंनी वेल खालपर्यंत न्याहाळला आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की शेळ्या बिचकल्या. "म्हंजी इतके दिवस मी तुझं लेकरू सांभाळून राहिले व्हय? मग निम्मं बी माझं. आताच सांगून ठेवते!"

निम्मंच का, सगळं मागितलं असतं तरी मी दिलं असतं! वारसा जपते म्हणून मी मिरवत होते, आणि जपत काय होते, तर कडू दोडका. खरा वारसा पाकिटाच्या कौतुकात बुडालेल्या शेजारणीने जपला, आणि तोही आपला समजून. आपलं म्हणून आपण जे कवटाळतो, ते आपल्याच मुळाचं आहे की नाही, हे आपण कितीदा खाली वाकून बघतो?

नणंदबाईंना हिरव्या चिंधीच्या त्या दोडक्यातल्या बिया पाठवल्या. पुढच्या वर्षी त्यांचा निरोप आला, भाजी आईच्या हातची लागली म्हणून. आता कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या आळ्यांत तेच बी पडतं. आश्विनात मी अजूनही वाळका दोडका कानाशी धरते, आणि तो नाद तसाच येतो. फक्त त्याला चिंधी बांधलेली असते ती काकूंच्या लुगड्याची. माझी चिंधी मी पलीकडे जाऊन, त्यांच्या दोडक्याला बांधून येते.