वाघाला दोन जणांची मंजुरी

चंद्रपुरात सकाळी टेबल पुसा, दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. कोळशाची धूळ. कोणी आणत नाही, कोणी टाकत नाही, पण साचते. आमच्या ऑफिसातले किस्से असेच साचले. आधी मी ते सांगून घरच्यांना पोट धरून हसवायची. आजकाल सांगता सांगता मध्येच माझं तोंड बंद होतं. म्हणून म्हटलं, एकदाचे ओकून टाकावे.

मूल रोडवर एका कृषी केंद्राच्या वर आमचं ऑफिस. खाली खताच्या पोत्यांचा वास, वर सॉफ्टवेअर. मी उज्ज्वला, टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि वर त्यांचेच टोमणे ऐकायचे. बंडूभाऊ चामोर्शीचे, सगळ्यांत जुने, 'चालू आहे तं हात नको लावू' हा त्यांचा धर्म. साहिल बल्लारपूरचा, पण पुण्यात नोकरी करून आलेला, त्यामुळे चालू असलेल्या गोष्टीला हात लावल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. आणि प्रणय. मोहर्लीच्या अलीकडे जंगलाला लागून त्याचं गाव. या सगळ्यांच्या वर एक सर, ज्यांना कोणालाच दुखवायचं नसतं.

आम्हाला एका संस्थेनं काम दिलं होतं, 'जागल' नावाचं. जंगलात फिरणाऱ्या वनमजुराला वाघ दिसला की त्यानं फोनवर कळवायचं, आणि लगेच आसपासच्या गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर मेसेज जायचा. बस, एवढंच. प्रणयनं ते काम सरांकडून भांडून मागून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मोहाच्या आधी चालू झालं पायजे सर. माझी माय पहाटे मोहफुलं वेचाले जाते. वाकून वेचते ना, मागून काय येऊन राह्यलं दिसत नाई."

सर म्हणाले, "होऊन जाईल रे, त्यात काय!"

*

पहिला महिना गेला ओळीच्या आधी किती जागा सोडायची या भांडणात! प्रोग्राममध्ये काही ओळी आत सरकवून लिहाव्या लागतात. बंडूभाऊ त्यासाठी टॅबचं बटण दाबतात. साहिल स्पेसबार चार वेळा दाबतो. दिसायला दोन्ही सारखंच! पण सकाळी बंडूभाऊ आले की साहिलच्या सगळ्या स्पेस काढून टॅब टाकायचे, आणि संध्याकाळी साहिल सगळे टॅब काढून स्पेस टाकायचा. कोड तेवढाच, नुसता इकडून तिकडे.

या खेचाखेचीत प्रणयनं लिहिलेला मेसेज पाठवायचा भाग दोनदा उडाला. तो बिचारा तिसऱ्यांदा लिहायला बसला.

शेवटी प्रकरण सरांकडे गेलं. सरांनी दोघांचं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि न्याय दिला, "भांडू नका. अर्धी फाईल टॅबची, अर्धी स्पेसची!"

आम्ही ज्या भाषेत लिहितो, तिला एका ठिकाणी दोन्ही मिसळलेलं चालत नाही. प्रोग्राम सुरू व्हायलाच तयार नाही! सर म्हणाले, "बघा, कॉम्प्युटरलाही समजूतदारपणा नाही."

*

बंडूभाऊ कोडमधली नावं आपल्या बोलीत ठेवतात, इंग्रजी अक्षरांत. वाघाची जागा ठेवायच्या डब्याचं नाव, 'वाघ कुठी'. मेसेज अडकला तर जो दिवा लागतो त्याचं नाव, 'काऊन नाई जाऊन राह्यला', म्हणजे 'का जात नाहीये'. मला तर वाचायला मजा यायची.

साहिलचं डोकं फिरलं. "उद्या अमेरिकेतल्या डेव्हलपरनं हा कोड उघडला तर त्याला काय समजेल?"

बंडूभाऊ म्हणाले, "अमेरिकेचा माणूस ताडोब्याले येऊन वाघ पाहीन का माझा कोड पाहीन बे?"

साहिल ऐकतो होय! त्यानं एका झटक्यात अख्ख्या फोल्डरात जिथे जिथे 'वाघ' होता तिथे 'टायगर' करून टाकलं. आता त्याच फोल्डरात गावकऱ्यांच्या नावांची फाईलही होती. दुसऱ्या दिवशी प्रणयच्या शेजारच्या वाघमारेकाकूंना आमचा नावनोंदणीचा मेसेज गेला, "नमस्कार श्रीमती टायगरमारे!"

काकूंनी प्रणयला फोन केला. "बाबू, नाव बदलवलं तं बदलवलं, राशन कार्डावर तेच चालते ना मंग?"

*

मग साहिलनं पत्ते आणले. खरेखुरे पत्ते, त्यावर आकडे. म्हणे कुठलंही काम किती मोठं आहे ते प्रत्येकानं पत्ता टाकून सांगायचं. पुण्यात सगळे असंच करतात!

प्रणयचं काम निघालं. बंडूभाऊंनी एकचा पत्ता टाकला, साहिलनं तेराचा. झालं! दुपारचा डबा आला, गेला, यांचं चालूच.

प्रणयनं शेवटी विचारलं, "तेरा म्हणजे तेरा दिवस का?"

"नाही रे, तेरा पॉइंट."

"मंग एक पॉइंट म्हणजे किती दिवस?"

साहिल समजूतदारपणे हसला. "पॉइंटला दिवस नसतात, प्रणय. हाच तर मुद्दा आहे."

प्रणय म्हणाला, "मोहाले दिवस असतात ना, साहिलभाऊ."

त्यावर कोणी पत्ता टाकला नाही.  बाहेर पानगळ सुरू झाली होती, आणि पानं झडली की मोह पडतोच.

*

बंडूभाऊंनी इकडे एक साधासुधा प्रोग्राम करून ठेवला होता आणि तो चालत होता! मी स्वतः तपासला होता. वाघ कळवा, मेसेज येतो. ओबडधोबड होता, पण येत होता.

साहिलनं तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "सगळं एकात कोंबलंय! याचे तुकडे करायला पाहिजेत. नोंद घेणारा वेगळा, गाव शोधणारा वेगळा, मेसेज पाठवणारा वेगळा. उद्या दहा लाख युझर आले तर?"

मी म्हटलं, "अरे भैताडा, ताडोब्याच्या कडेच्या बफरमधली सगळी गावं मोजली, बकऱ्या, कोंबड्या धरल्या, तरी दहा लाख होत नाहीत!"

पण सरांना तुकडे आवडले. फळ्यावर चित्र काढलं होतं ना, चौकोन आणि बाण. संस्थेचे लोक आले की दाखवायला बरं दिसतं. बंडूभाऊंचा चालता प्रोग्राम मोडून त्याचे तुकडे झाले, आणि आता प्रत्येक तुकडा दुसऱ्याची वाट पाहत बसायला लागला. अगदी आमच्यासारखाच!

बंडूभाऊ तेव्हापासून कमी बोलायला लागले. मला विचाराल तर त्यांचं खचणं तिथूनच सुरू झालं.

*

एकदाचे सगळे तुकडे जोडले गेले. मी सरांना म्हटलं, "तपासायला वेगळी व्यवस्था द्या. खऱ्या लोकांचे नंबर नकोत त्यात." सर म्हणाले, "कशाला वेगळा खर्च? असंच बघून घ्या ना हळूच."

बंडूभाऊंनी 'हळूच' पाहिलं. बटण दाबलं, काही दिसलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मेसेज अडकून बसले होते, ते सगळे एकदम सुटले. मोहर्लीकडच्या गावांत त्या सकाळी इतके वाघ आले की ताडोब्यात तरी एखादा उरला होता का देव जाणे! शाळेत मास्तरांनी पोरांना कोंडून ठेवलं. एस.टी.च्या ड्रायव्हरनं दारच उघडलं नाही, गाडी तशीच पुढे नेली.

सरपंचांचा फोन आला. बिलकुल चिडले नव्हते. "भाऊ, एखादा असन तं आम्ही पाहून घेऊ. पण हे इतके तुम्ही आणले कुठून?"

सरांनी मीटिंग बोलावली. साहिल उठला. त्याच्याकडे उपाय तयार होता. आमच्यात नियमच आहे, कोणी कोड लिहिला तर दुसऱ्या दोघांनी तो पाहून मंजूर केल्याशिवाय तो पुढे जात नाही. साहिल म्हणाला, "साध्या कोडला दोन मंजुऱ्या लागतात, मग वाघाला का नको?"

सर खूश! ठरलं. वाघाची खबर आली की साहिल आणि बंडूभाऊ, दोघांनी बटण दाबायचं. मगच गावाला मेसेज. आणि मेसेजवर गावाचा विश्वास परत बसावा म्हणून प्रणयनं गावात जाऊन सगळ्यांना समजावून यायचं.

प्रणयनं विचारलं, "अन् दोघांपैकी एकानं नाई दाबलं तं?"

"का नाही दाबणार?" साहिल म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं प्रणय काय विचारतोय ते.

*

मोह पडायला लागला.

त्या सकाळी प्रणय आणि मी ऑफिसात लवकर आलो होतो. स्क्रीनवर खबर आली. प्रणयचंच गाव. 'नाल्याजवळ, मोहाच्या झाडाखाली, वाघ.' त्याच्याखाली लिहून आलं, 'मंजुरीची प्रतीक्षा.'

प्रणयनं आधी मायला फोन लावला. मोहाखाली रेंज येते-जाते; आमचा मेसेज पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहतो, फोन तसा लागत नाही. दुसऱ्या बायांना लावला, त्याही तिथेच. मग ग्रुपवर टाकलं, 'मंजूर करा लवकर.'

बंडूभाऊंनी घरूनच लगेच बटण दाबलं. देव त्यांचं भलं करो. साहिलनं दाबलं नाही, लिहिलं, 'फोटो जोडलेला नाही. फोटो मागवा.'

बंडूभाऊंनी लिहिलं, 'वाघाले सांगू का, थांब म्हणा, साहिलभाऊले फोटो पायजे?'

'पर्सनल होऊ नका. मागच्या वेळी कोणामुळे घोळ झाला सगळ्यांना माहीत आहे.'

हे त्यांना लागलं. त्यांनी लिहिलं, 'असं आहे तं मग माझीबी मंजुरी वापस.' आणि खरंच काढून घेतली!

 प्रणयनं लिहिलं, 'साहिलभाऊ, माय आहे तिथी.'

साहिलचं उत्तर आलं, 'समजू शकतो. पण एकदा अपवाद केला की नियम राहत नाही.'

मी साहिलला फोन करून काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. प्रणय तोवर गाडीला किक मारून निघून गेला होता. मी नुसती स्क्रीनकडे पाहत बसले. 

माय सुखरूप होती. वाघ दिसल्यावर बाया एकमेकींना धरून, टोपल्या पुढे करून उभ्या राहिल्या. तो बसला होता, बसून कंटाळला असावा, उठून गेला. बाया गोळा केलेला मोह घेऊन घरी आल्या आणि फुलं अंगणात वाळत घातली. प्रणयनं हे मला फोनवर सांगितलं. दुपारी तो परत आला, आपल्या खुर्चीवर बसला. सरांनी "सगळं ठीक ना?" विचारलं, तेव्हा 'हो' म्हणून कॉम्प्युटर सुरू केला.

संध्याकाळी साहिल आणि बंडूभाऊ दोघंही ऑफिसात होते. सरांनी दोघांना चहा पाजून हात मिळवायला लावले. आठवड्याचा रिपोर्ट जायचा होता आणि त्यात एक खबर अजून लाल दिसत होती, मंजुरीविना. लाल रंग संस्थेला आवडत नाही. सर म्हणाले, "ते तेवढं क्लिअर करून टाका बुवा." दोघांनी, न बघता, आपापलं बटण दाबलं. लाल जाऊन हिरवं झालं.

थोड्या वेळानं प्रणयचा फोन वाजला. माय होती. तिच्या आवाजात घाबरगुंडी होती, म्हणून त्यानं स्पीकर लावला. आम्ही सगळे होतो.

"बाबू, मेसेज आला वाघाचा. 'वाघ जवळ आहे, दार लावून घरात राहा, पुढचा मेसेज येईपर्यंत बाहेर पडू नका.' साऱ्या गावानं दारं लावली. मोहा अंगणात आहे, बकऱ्या बाहेरच राह्यल्या. ओरडून राह्यल्या बापा."

प्रणय म्हणाला, "माय, काही नाई तिथी. तो सकाळचा मेसेज आहे. दार उघड."

"अन् पुढचा मेसेज?"

'वाघ गेला' असा मेसेज आमच्याकडे नव्हता. ते काम पुढच्या व्हर्जनमध्ये टाकलं होतं.  

"माय, मी सांगून राह्यलो ना. उघड."

"नाई बाबू. मागं इतके वाघ आले होते, तवा तूच तं गावात येऊन साऱ्यायले सांगतलं, का आता मेसेज दोघं जण तपासून पाठवतात, माणसाचं आयकू नका, मी फोन केला तरी माझंबी आयकू नका, मेसेज आला तरच खरं. तू मेसेज पाठव. मंग उघडीन."