उजळ बाजू

पडद्यावर उंदराच्या मेंदूचं चित्र उमटलं. कंपवाताच्या अभ्यासासाठी आम्ही मेंदूची एकच बाजू विष टोचून मारतो आणि दुसरी तुलनेसाठी शाबूत ठेवतो. नव्याने रुजू झालेले सहकारी चटकन म्हणाले, "मॅडम, ही उजळ दिसतेय ती चांगली बाजू ना?"

"नाही हो, ती मेलेली."

पहिल्यांदा सगळेच असे चुकतात. शरीर हलतं ठेवणारं डोपामिन पुरवणाऱ्या पेशी मेल्याने ते त्या बाजूला यायचं थांबलेलं असतं. ते झेलणारे, उरलेल्या पेशींवरचे ग्राही मात्र वाढलेले असतात. पाहुणा वाटेतच संपला आहे आणि घर नवनवी दारं उघडून बसलं आहे. चित्रातला उजेड त्या उघड्या दारांचा. इतकं आंधळं वाट पाहणं मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि आम्ही त्याचं फक्त मोजमाप करतो. उंदराला त्याचा काय उपयोग?

संध्याकाळी घरी आले. बाबा खुर्चीत होते, कंपवाताने चेहरा लाकडासारखा झालेला. आई त्यांना मऊ भात भरवत होती. मला पाहून म्हणाली, "बघ गं, आज यांचे डोळे किती चमकतायत!"

मी पाहिलं. खरंच चमकत होते.

सकाळी सहकाऱ्यांना सांगितलं ते आईला सांगणं मला जमलं नाही.