दिघाशीला जाऊन झोपून आले

भिवंडीहून वाडा रस्त्याने लोक जातात ते देवदर्शनाला, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायला, नाहीतर पावसाळ्यात भजी खायला. मी गेले झोपायला. दोन दिवस, एक मुक्काम, जाऊन-येऊन सगळा खर्च पाचशेच्या आत, आणि त्यातही निम्मे पैसे यजमानांकडे नेलेल्या फळांचे. असा प्रवास करण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये, पण आलीच तर हे वाचून ठेवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी एका शाळेत हेडक्लार्क आहे. ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आलीय, खाण्याकडे बघा. क्लार्कला ‘बघा’ म्हटलं की ती रजिस्टर आखते. तारीख, नाश्ता, दुपार, रात्र, कार्ब, वजन, असे कॉलम पाडले. भात, पोळी, पोहे, बटाटा, साखर सगळं हद्दपार. तीन महिन्यांत साडेसहा किलो उतरले, साखरही खाली आली, शाळेत बायका येऊन विचारायला लागल्या. फक्त झोप गेली. गेली म्हणजे साफ गेली, डोळ्याला डोळा लागेना. ‘तेल गेलं, तूप गेलं’ म्हणतात. माझ्याकडे तूप होतं, रोजचं चांगलं दोन चमचे, आणि हातात धुपाटण्याऐवजी मोबाईल. त्यावर मी झोपेवरचे लेख वाचत पडायची.

मग धामणकर नाक्यावर ती गंमत झाली. सिग्नलला स्कूटर थांबवली आणि उभ्या उभ्या माझा डोळा लागला. शेजारच्या रिक्षावाल्याने हाक मारली, “मॅडम, सिग्नल खुल गया. सपना घर जाके पूरा करना.” हे एरवी पचलं असतं, पण त्या दिवशी मागे नवरा बसला होता. श्रीकांत कधी आवाज चढवत नाही. तो खाली उतरला, स्कूटर बाजूला घ्यायला लावली, चावी काढली आणि शर्टाच्या खिशात घातली.

“सलग दोन रात्री झोपून दाखव, मग चावी.”

“अहो, मी काय लहान आहे का?”

“लहान असतीस तर ओरडलो असतो.”

माझी स्कूटर म्हणजे काय, हे सांगायलाच हवं. बेचाळिसाव्या वर्षी शिकले, दोनदा पडले, स्वतःच्या पगारातून घेतली. टेमघरच्या घरून शाळेत, शाळेतून बाजारात, बाजारातून वाटलं तर मैत्रिणीकडे, कोणाला विचारायचं नाही. आता शेअर रिक्षात मागच्या सीटवर तिघांत चौथी होऊन, मांडीवर पर्स धरून जाणं आलं. मला फार राग आला, आणि तो बरोबर बोलतोय याचा जास्त आला.

आमच्या शाळेतल्या शिपाई जनाबाई दिघाशीच्या पुढच्या एका पाड्यावरून रोज येतात. त्यांनी माझे डोळे पाहिले आणि म्हणाल्या, “म्याडम, आमच्याकडं या शनवारी. भाताची झोडनी चालू हाय. दोन पेंढ्या झोडल्या का झोप आपोआप येल.” भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, तसं. मी लगेच हो म्हटलं. शनिवार-रविवार मिळून दोन रात्री होतात, हे गणित डोक्यात होतंच.

शनिवारी सकाळी सातला निघाले. पिशवीत उकडलेली अंडी, पनीरचे तुकडे, बदाम, यजमानांसाठी केळी-सफरचंदं आणि थर्मासभर कोरी कॉफी. चहात साखर लागते म्हणून चहा सोडला होता, तेव्हापासून कॉफीच. टेमघरहून एसटी स्टँडला शेअर रिक्षा केली. रिक्षात दोघे लूम कामगार होते, रात्रपाळी सुटलेले. एकाचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

“माफ करना भाभी,” दुसरा ओशाळून म्हणाला, “डबल ड्युटी हुई है इसकी.”

“सोने दो. खाता क्या है ये?”

“चावल. और क्या खाएगा?”

मी त्या झोपलेल्या माणसाकडे अशा नजरेने पाहिलं की लोक शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडेही तसं बघत नसतील. स्टँड आल्यावर त्याला उठवताना मलाच वाईट वाटलं.

वाड्याकडे जाणारी एसटी अर्ध्या तासाने मिळाली. खिडकीची जागा मिळाली तर घ्या, पण डोकं काचेला टेकवू नका, खड्डे आहेत. शहर सुटेपर्यंत गोदामंच गोदामं, मग हळूहळू कापलेली शेतं दिसायला लागतात. अंबाडी नाक्याला उतरून दिघाशीला रिक्षा मिळते, भरल्याशिवाय सुटत नाही. तिथून पाडा पंधरा-वीस मिनिटं पायी. जनाबाई न्यायला आल्या होत्या आणि माझी पिशवी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली, शाळेत मी काढू देत नाही म्हणून इथे.

घराच्या पुढ्यात शेणाने सारवलेलं खळं. त्यावर जनाबाईंचा नवरा आणि दीर भाताच्या पेंढ्या लाकडी फळीवर आपटत होते, धप, धप, धप, आणि दाणे उडत होते. भात सोडलेली बाई भाताच्या ढिगाजवळ येऊन उभी राहिली. नव्या तांदळाचा वास असा होता की मी एक बदाम तोंडात टाकला आणि त्या बदामाचा मला राग आला.

जनाबाईंची सासू सत्तरीपुढची, काटक, गुडघ्याने तेवढी अधू. सगळे तिला आये म्हणतात. अकरा वाजता मी थर्मास काढला तेव्हा ती सरकत जवळ आली.

“कसला काढा हाय, बाय?”

“कॉफी आहे आये, कोरी. बिनसाखरेची.”

तिने घोट घेतला, चेहरा लिंबासारखा केला, पण ग्लास खाली ठेवला नाही. “कडू हाय म्हंजी औषद हाय. गुडघ्याला चालल?”

नाही म्हणणं जिवावर आलं. “हरकत नाही,” म्हटलं. तिने ग्लास संपवला आणि उरलेला थर्मास ‘सांजच्याला घेते’ म्हणून घरात नेऊन ठेवला. पाहुणीने काय बोलायचं.

जेवायला बसलो. जनाबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या, तेव्हा मी हात आडवा केला. “मी भात सोडलाय.”

सगळ्यांचे हात थांबले. आयेने आवाज खाली आणून विचारलं, “कोन्त्या देवाला?”

इकडे कोणी भात सोडतं ते नवसासाठीच, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जनाबाईंनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते.

“देवाला नाही आये. तब्येतीसाठी.”

“कोनाच्या? मालकांच्या?”

“माझ्याच.”

“सोतासाठी नवस,” आये म्हणाली. “पोरांसाठी केला, मालकासाठी केला, बैलासाठी पन केला. सोतासाठी कंदी सुचला न्हाय. बरा केलास, बाय.”

हे ती इतक्या साध्या कौतुकाने म्हणाली की तिला कार्ब समजावून सांगायचा माझा विचार तिथेच गळाला. मग ती सुनेकडे वळली. “नवस मोडाया नको. भात काढ, म्याडमला भाकरी दे.”

भाकरी आली. पांढरीशुभ्र, पातळ, वाफाळलेली.

“ही तांदळाचीच ना?” मी विचारलं.

“तांदलाचीच. पन भात न्हाय, भाकरी हाय.”

पाठोपाठ वाटीभर पेज आली. मी काही म्हणायच्या आत उत्तर आलं, “त्या तं पानी हाय.” अशा रीतीने नवस अखंड ठेवून मी दीड भाकरी, भोपळ्याची भाजी, सुकटीची चटणी आणि वाटीभर पेज घेतली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ताट बघून मी बेरीज केली नाही. तुमची साखर वाढलेली असेल तर माझं अनुकरण करू नका, मी घरी आल्यावर तपासणी करून घेतली.

जेवण झाल्यावर वाऱ्यावर भात पाखडायला मदत केली, निम्मा माझ्याच केसांत गेला. दोनच्या सुमाराला चिंचेच्या सावलीत पेंढ्यावर जरा टेकले. झोडणी पुन्हा सुरू झाली होती. भिवंडीत वाढलेल्या माणसाला लूमच्या खटखटीत झोपायची सवय असते, वीज गेली की आम्ही दचकून जागे होतो. ही धपधप त्याच जातीची होती. मी तेवीस मोजले. पुढचं मला आठवत नाही.

उठवलं तेव्हा पाच वाजले होते आणि गालावर पेंढ्याची नक्षी उमटली होती. आता रात्रीची गेली, या भीतीने मी कासावीस झाले, पण रात्री अर्धी भाकरी खाऊन नऊला आडवी झाले ती कोंबड्यानेच उठवली. मला रडू आलं. आनंदाने माणूस रडतं हे खरं आहे, सकाळी पावणेसहाला सुद्धा.

बाहेर आले तर आये चुलीपाशी बसलेली, डोळे लालबुंद.

“रातभर डोल्याला डोला न्हाय, बाय. छातीत धडधड, कौलं मोजली सगली. तुजी बला मला लागली.”

चुलीशेजारी माझा थर्मास धुऊन उपडा ठेवलेला होता.

मी तिथेच बोटांवर माझ्या कॉफीचा हिशेब केला. दिवसाला सहा कप. शेवटचा रात्री नऊला, भूक मारायला. तीन महिने रजिस्टरमध्ये बदामसुद्धा मोजून लिहिले, आणि कॉफीत कार्ब शून्य म्हणून कॉफीला कॉलमच नव्हता. डॉक्टरांना मी ते रजिस्टर मोठ्या ऐटीत दाखवलं होतं, त्यात नव्हतं ते त्यांना कुठून दिसणार. नंतर त्यांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग म्हणाले की कॉफी सकाळी एकच, उपाशी झोपायचं नाही, रात्री छोटी भाकरी चालेल, आणि साखर तपासत राहायची. झोप कॉफीने घालवली होती की रिकाम्या पोटाने, यावर ते ठाम बोलले नाहीत. मीही बोलणार नाही.

आयेला मात्र तिथेच खरं सांगितलं. माझ्याने लपवेना.

“आये, तो काढा नव्हता. त्यानेच झोप उडते. माझी चूक झाली.”

“म्हंजे औषद न्हवता?”

“नाही.”

“मग गुडघा कसा मोकला झाला?”

यावर जनाबाई म्हणाल्या, “रातभर ओटीवर फेऱ्या मारीत व्हत्या त्या. व्हईल न्हाय तं काय.” आये इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या सकाळी तिच्या वाटणीचं सूप मी हातात घेतलं आणि तिला पेंढ्यावर झोपायला पाठवलं. ती घोरत होती आणि मी पाखडत होते. मला अपराधी वाटत होतं आणि हसूही येत होतं.

दुपारी नव्या तांदळाचा भात शिजला. या घरात नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. नैवेद्य झाल्यावर आयेने एक मूठभर भात माझ्या पानात ठेवला. “नवा भात देवाला दावला. आता तुजा पन नवस सुटला. एवडाच खा, जास्त नको.” डॉक्टरांनी सुद्धा प्रमाण इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. मी तो मऊ, गोडसर भात सावकाश खाल्ला.

निघताना जनाबाईंनी किलोभर तांदूळ फडक्यात बांधून दिले. परतीची एसटी चारच्या आत पकडा, पुढे गर्दी होते. मला ती चुकली, म्हणून उभ्याने आले आणि अजिबात झोपले नाही.

घरी पोचले तेव्हा सात वाजले होते. श्रीकांत खुर्चीत बसला होता, चावी खिशातच. मी तांदूळ टेबलावर ठेवले आणि सांगायला लागले, रिक्षातला माणूस, नवस, भाकरी, थर्मास. तो आधी हसत होता. मग हुंकार देत होता. मग हुंकारही थांबला. बघते तर मान कलती, तोंड उघडं. साडेसातला. माझा हा माणूस अकराच्या आत कधी झोपत नाही.

हलवून अंथरुणावर नेलं तेव्हा अर्धवट झोपेत म्हणाला, “तू कूस बदललीस की मला कळतं गं.” आणि परत झोपला.

तीन महिने मी अंधारात पडून मनाशी म्हणत होते की हा कसा निवांत झोपतो. मला खूप लाज वाटली आणि त्याच्याबद्दल फार प्रेम वाटलं. चावी खिशातून दिसत होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. मी काढली नाही. दिवा मालवला, त्याच्याकडे पाठ करून झोपले, कूस न बदलता.

सकाळी चहाचा वास आला. कॉफीची बरणी जागेवर नव्हती, कुठे ठेवली ते त्याने अजून सांगितलेलं नाही. टेबलावर तांदळाची पुरचुंडी होती आणि तिच्यावर स्कूटरची चावी. दुसऱ्या रात्री मी खरंच झोपले का, हे त्याने विचारलं नाही. बघायला तो जागा कुठे होता.