दहावीच्या वर्षी आई गेली

मी दहावीत होतो तेव्हा ऑगस्टमध्ये आई गेली. डेंग्यू झाला होता. हॉस्पिटलला निघताना ती बाबांना सांगत होती की भिजत घातलेली मटकी फुकट घालवू नका, आणि आठवडा व्हायच्या आत आम्ही तिला स्मशानात घेऊन गेलो. देवगडहून मामा आले, तेरावं झालं, पाहुणे पांगले. तेव्हा बाबा म्हणाले, "उद्यापासून शाळेत जा. घरात बसून काय करणार आहेस?"

शाळा बोरीवलीतच, चर्चला लागून. फक्त मुलांची. मला तिथे घालायचा हट्ट आईचा होता. तिला इंग्रजी जेमतेम यायचं, पण पहिलीत माझ्याकडून सकाळची प्रार्थना पाठ करून घेता घेता तिचीही पाठ झाली. मासे तळताना ती 'अवर फादर' पुटपुटत असायची. आजी गावाहून आली की हे ऐकून कपाळाला हात लावायची.

शाळेत गेलो तेव्हा माझा गोटा केलेला होता. कोणी गोटा करून आला की दिसेल त्याने टपली मारायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज. मी वर्गात शिरलो. एकाचाही हात उठला नाही. माझ्या बाकावर बसणारा दोस्त सरकला आणि म्हणाला, "बस ना." तेवढंच.

प्रार्थनेच्या वेळी आमचे प्रिन्सिपल, ज्यांना आम्ही फादर म्हणायचो, माइकवरून म्हणाले, दहावी ब मधल्या एका मुलाची आई देवाघरी गेली आहे, तिच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्यांनी आईचं नाव घेतलं, ते जरा चुकीचं. आख्खी शाळा माझ्या आईसाठी उभी होती आणि मला त्या चुकलेल्या नावाचंच रडू येत होतं.

मुलांची शाळा म्हणजे शिव्या आल्याच, आणि आमच्या झाडून सगळ्या शिव्या आईवरून. दिवसभर त्यांशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. आता मी जवळ गेलो की मुलं तोंडातला शब्द गिळायची. मधल्या सुट्टीत घोळका हसत असायचा, मी पोचलो की सभ्यपणे क्रिकेटवर बोलायला लागायचा. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआपच झालं होतं. मला मात्र त्यामुळे दिवसातून दहा वेळा आठवायचं की मला आई नाही.

मग एकदा फुटबॉल खेळताना माझ्याकडून सोपा गोल हुकला आणि दोस्त मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडला, "अरे तुझ्या आयला!"

खेळ थांबला. तो पळत माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक पडलेला. "सॉरी यार. सॉरी. तोंडातून गेलं."

"दे ना शिव्या," मी म्हणालो. "पहिल्यासारख्या दे."

मग त्यालाच रडू फुटलं. माझ्या आईच्या हातची घावणं त्याने कितीतरी वेळा खाल्ली होती. आम्ही दोघं गोलपोस्टला टेकून बसून राहिलो, आणि पीटीच्या सरांनी लांबून पाहूनही शिटी मारली नाही.

घरी मी आणि बाबा. बाबा औषधांच्या गोदामात कामाला. वर्गातल्या आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात आईच्या जागी आता बाबांना घेतलं. कुठला युनिफॉर्म, कधी टेस्ट, असं सगळं त्यावर यायचं. सत्तर बायकांमध्ये बाबा एकटे. ते प्रत्येक मेसेज चष्मा लावून वाचायचे आणि खाली 'ओके' लिहायचे. नवरात्रात कोणीतरी उद्याचा रंग कळवला, त्यालाही त्यांनी 'ओके' लिहिलं.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. कंदील लावला नाही. सुट्टीत दहावीचे जादा तास असायचे, तेवढ्यासाठी मी बाहेर पडायचो. मराठीच्या टीचर गोराईच्या, ख्रिश्चन, त्या वर्षी रिटायर होणार होत्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक दिवस त्यांनी तास लवकर संपवला. त्यांच्याकडे झेंडूच्या फुलांची मोठी पिशवी होती.

"पोरा, जरा ही पिशवी धरतोस? आज आमचा मेलेल्यांचा दिवस. सिमेट्रीत जायचंय."

चर्चच्या मागे सिमेट्री होती. इतकी वर्षं त्या शाळेत काढली, पण मी आत कधी गेलो नव्हतो. आत जत्रेसारखी गर्दी. थडगी धुऊन स्वच्छ केलेली, फुलं वाहिलेली, मेणबत्त्या लावलेल्या. माणसं आपापल्या माणसांपाशी बसली होती, हळू आवाजात गप्पा मारत. टीचरनी नवऱ्याच्या थडग्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि फुलं मांडायला लागल्या. मी शेजारी उभा.

"टीचर, आमच्यात असं नसतं," मी म्हणालो.

"कसं?"

"जागा. मामांनी अस्थी गावी नेऊन खाडीत सोडल्या. आईकडे जायचं तर कुठे जाणार?"

त्यांनी हातातली फुलं खाली ठेवली. मग एक मेणबत्ती माझ्या हातात दिली. "इथे लाव. आमचे मिस्टर सरकून घेतील. स्वभावाने बरे होते."

"काय म्हणू?"

"तुला येतं ते म्हण."

मी 'अवर फादर' म्हणायला लागलो. त्यातला 'हॅलोड' हा शब्द आईला कधी जमला नाही. ती 'हॅलो' म्हणायची, फोन उचलल्यासारखं. मी दर वेळी तिला दुरुस्त करायचो. त्या दिवशी मी तिच्यासारखंच म्हटलं, आणि पुढचे शब्द मला आठवेनात. टीचरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. केस नुकते कुठे बोटभर आले होते.

घरी आलो तेव्हा बाबा तांदूळ धूत होते. मी सगळं सांगितलं. रागावतील अशी भीती होती.

"तिचं नाव घेतलंस तिथे?" त्यांनी विचारलं.

"मनात घेतलं."

त्यांनी नळ बंद केला. भांडं ओट्यावर ठेवलं आणि ओट्याला धरून उभे राहिले. आई गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पाहुण्यांची व्यवस्था, मामांचं तिकीट, माझी शाळा, यात ते रडायचेच राहून गेले होते. मला त्यांना जवळ घेता आलं नाही, आमच्यात ती सवय नव्हती. मी भांड्यातले तांदूळ कुकरला लावले. पाणी जास्त झालं, भात गिचका झाला, आणि आम्ही दोघांनी तो तसाच खाल्ला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. टीचर रिटायर झाल्या आणि वसईला मुलीकडे राहायला गेल्या. दोस्ताच्या वडिलांची बदली झाली, तो अकरावीला नाशिकला गेला.

निकाल लागला तेव्हा बाबा रजा घेऊन घरी थांबले होते. मोबाइलवर पान उघडायला वेळ लागत होता. मार्क चांगले पडले होते, मला वाटलं होतं त्याहून बरेच चांगले. बाबांनी ते परत परत वाचले. मग आम्ही नुसते बसून राहिलो. अशा वेळी पुढे काय करायचं असतं, कोणाला फोन, देवापुढे काय, हे सगळं आईला माहीत होतं.

दार उघडंच होतं. शेजारच्या काकू डोकावल्या, आमच्याकडे पाहून काय ते समजल्या, आणि घरात जाऊन साखरेचा डबा घेऊन आल्या. आधी माझ्या हातावर चिमूटभर ठेवली, मग बाबांच्या.