हळू, पण आरपार

कँटीनच्या टेबलावर शिशाची गोळी सोडायची आणि मान वाकवून तिचा आवाज ऐकायचा, ही त्यांची सवय. आपण नारळ घेताना कानाशी हलवून बघतो ना, तसंच. आवाज स्वच्छ आला की "गूट", म्हणजे छान, असं म्हणायचे, गोळी खिशात टाकायचे आणि सूपकडे वळायचे. आवाज दबका आला तर सूप गार झालं तरी बेहत्तर, पण गोळी कुठे बिघडली हे कळल्याशिवाय चमचा उचलायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, कारखान्याच्या कँटीनमध्ये बंदुकीची गोळी? मीही तेच म्हणाले होते. मी कोल्हापूरची. शिरोलीच्या फौंड्रीत चार वर्षं काढून जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात धातू तपासायला आलेली. हे तिथले सगळ्यात जुने साचेवाले. पहिल्याच आठवड्यात समोर येऊन बसले आणि अंगठ्याएवढी जाड, चपट्या नाकाची गोळी माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाले, "फ्राऊ इंजिनिअर, नखाने ओरखडा उठतो का बघा."

मी नख मारून बघितलं. उठला नाही.

"कथील थोडं, अँटिमनी बेताचं," मी म्हणाले. "पण साच्यातून काढल्यावर गरमच पाण्यात टाकलीत वाटतं, म्हणून एवढी कडक?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

शिकार हे त्यांचं वेड आणि गोळ्या घरी ओतणं हे त्या वेडातलं वेड. बाकीचे शिकारी दुकानातली हलकी, सुसाट गोळी वापरायचे. यांची गोळी जड आणि संथ. हलकी गोळी रानडुकराच्या खांद्याच्या हाडावर आपटून फुटते, तिचे तुकडे मांसात पसरतात आणि जनावर जखमी होऊन पळतं, असं ते सांगायचे. "माझी फुटत नाही. हाड मोडते आणि पलीकडून निघून जाते. दोन भोकं पडतात. रक्त दोन्ही बाजूंनी सांडतं, म्हणजे माग लागतो, आणि जनावर तळमळत राहत नाही. मांस तर भोकाच्या कडेपर्यंत खा!" मग बोट वर करून ठरलेलं वाक्य यायचं: "लांगझाम, आबर डुर्श." हळू, पण आरपार. त्याच्यामागून दुसरं, छाती फुगवून: "माझी गोळी एकाही जनावराने ठेवून घेतलेली नाही. जनावर कापताना परत हाती आलेली गोळी मी आयुष्यात पाहिलेली नाही."

एवढा ताठा कोल्हापुरातही कमीच बघायला मिळतो. मला भारी आवडायचा.

ज्या जंगलात ते तीस वर्षं शिकारीला जात होते तिथल्या शिकारीच्या हक्काचा पट्टा एका दाताच्या डॉक्टरकडे गेला. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, नवी कोरी रायफल बाळगणारा. त्याने यांची गोळी दोन बोटांत धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ही म्युझियममध्ये द्या." कायद्याप्रमाणे मोठ्या जनावरावर झाडलेल्या गोळीत शंभर मीटरवर दोन हजार जूल ऊर्जा उरावी लागते. डॉक्टर म्हणाला, मोजून दाखवा, नाहीतर नोव्हेंबरच्या हाक्याच्या शिकारीला येऊ नका.

"दाखवतो," हे म्हणाले. दुसऱ्या कुणी गुपचूप दुकानातली पेटी आणली असती. "दुकानातली गोळी मारीन त्या दिवशी मी शिकार सोडलेली असेल," असं मला सांगून ते घरी गेले.

आता माझा पराक्रम ऐका. गोळ्यांसाठी ते चाकांना तोल साधायला लावतात ती जुनी वजनं वितळवायचे. त्यात शिसं असतं, तेही हवं तसं कडक. मला वाटलं, या माणसाला आपणही हातभार लावावा. एका टायरवाल्याकडून पिशवीभर वजनं मागून घेतली, बसने नेली आणि त्यांच्या दारात ठेवली. पिशवी इतकी जड, की दोन दिवस खांदा दुखत होता. ते इतके खूश झाले, की बायकोला हाक मारून पिशवी दाखवली.

चाचणीच्या दिवशी मीही नेमबाजीच्या मैदानावर गेले. शंभर मीटरवर वेग मोजायचं यंत्र ठेवलेलं; वेगावरून ऊर्जा काढायची. त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. त्यातल्या दोघी दोन हजार जूलच्या वर, तिघी खाली. कागदावरची भोकं तर अशी पसरलेली, की जणू पाच वेगळ्या माणसांनी मारली असावीत. डॉक्टर हसला नाही, याचाच मला जास्त राग आला. नुसतं वहीत लिहून म्हणाला, "तर मग, संपलं." यांनी बंदूक पुसली, पिशवीत घातली.

मी उरलेली एक गोळी उचलून बघितली. तळाची कड नीट भरलेली नव्हती, अंगावर बारीक दाणे. अशा कडेतून मागचा वायू निसटतो आणि वेग पडतो. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तपासली. जस्त! ते शिशात मिसळलं की साचा नीट भरत नाही. त्याच सुमारास चाकांना शिशाऐवजी जस्ताची वजनं लावायला लागले होते. माझ्या पिशवीत दोन्ही मिसळलेली होती, आणि मी धातू तपासायचा पगार घेणारी बाई, एकदाही न तपासता ती त्यांच्या भांड्यात पडू दिली. शिरोलीतल्या साध्या हेल्परने माझ्या डोक्यात टपली मारली असती.

कँटीनमध्ये मी कबुली दिली. ते सूप पीत होते.

"मला माहीत होतं," म्हणाले.

"काय?"

"आवाज. पहिल्याच गोळीला ऐकला."

"मग झाडल्यात कशाला?"

"तुम्ही पिशवी बसमधून उचलून आणली होतीत." त्यांनी ओठ पुसले. "आणि कागदावरच तर मारायच्या होत्या. कागदाला दुखत नाही. डुकरावर नसत्या मारल्या. मला वाटलं, तरीही निभेल."

आता सांगा, या माणसावर रागवायचं की रडायचं? मी दोन्ही केलं. मग तशीच उठले आणि संध्याकाळी थेट डॉक्टरच्या दवाखान्यात. माझं जर्मन त्या वेळी धड नव्हतं, पण भांडायला पुरेसं होतं. म्हटलं, चूक माझी आहे, हा लॅबचा कागद, हे जस्त. दुसरी चाचणी घ्या. तो म्हणाला, एकच चाचणी ठरली होती. मी म्हणाले, "तुमच्या चुकीच्या एक्स-रेवरून तुम्ही दात काढता का? मग चुकीच्या गोळीवरून माणूस कसा काढता?" बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले. डॉक्टरने तारीख दिली.

या वेळी शिसं मी तपासलं, तेही तीनदा. ओतलं त्यांनी. प्रत्येक गोळी टेबलावर सोडून दोघांनी ऐकली. पाचच्या पाच दोन हजारांवर गेल्या आणि भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जात होती. ते डॉक्टरकडे वळून एवढंच म्हणाले, "म्युझियम नोव्हेंबरमध्ये उघडं असतं ना?"

हाक्याला मीही गेले. नारिंगी जाकीट, हातात काठी. निघताना नवऱ्याला म्हटलं, "अहो, मी रानडुकरं उठवायला चालले." तो म्हणाला, "जर्मनीत येऊन इंजिनिअर झालीस म्हणे!"

झाडीतून थोराड नर उठला आणि त्यांच्या समोरून गेला. एकच बार. डुक्कर पडलं नाही. तसंच काटेरी जाळीत शिरलं. डॉक्टर म्हणाला, "बघा! गेलं." यांनी घड्याळ बघितलं आणि बुंध्याला टेकून उभे राहिले. "थांबायचं." त्यांचा चेहरा बघून कळेना, की त्यांना खात्री आहे की भीती. मग माग काढत गेलो. पानांवर रक्त दोन्ही बाजूंना होतं. साठ पावलांवर डुक्कर शांत पडलेलं. आत जाणारं एक भोक, बाहेर पडणारं एक.

त्यांनी टोपी काढली. फरच्या झाडाची डहाळी मोडून जनावराच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास म्हणतात तिकडे. ती रीत कितीही घाई असली तरी ते चुकवायचे नाहीत. मग यजमान म्हणून डॉक्टरला नेम साधणाऱ्याच्या मानाची दुसरी डहाळी त्यांच्या हातात द्यावी लागली. त्यांनी ती टोपीत खोचली, अर्धी मोडून मला दिली. माझ्या वाट्याचं मांस पशुवैद्याच्या तपासणीनंतर घरी आलं आणि मी त्याचा तांबडा रस्सा करून त्यांना जेवायला बोलावलं. पहिल्या घोटाला त्यांच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. तरी वाटी संपवली आणि बोट वर करून म्हणाले, "लांगझाम... आबर डुर्श."

ते निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. ते झोपेतच गेले होते. माझ्याच्याने त्या आठवड्यात कँटीनमध्ये बसवेना.

दफनाला सगळे शिकारी आले होते. एकेक जण पुढे होऊन डहाळी टाकत होता. डॉक्टरनेही टाकली, आणि त्याचे डोळे लाल होते, हे मी मान्य करते. माझी पाळी आली तेव्हा मी खिशातून त्यांची गोळी काढली. दुसऱ्या चाचणीच्या खेपेची, तेव्हापासून माझ्याकडेच होती. स्मशानभूमीचा माणूस लगबगीने जवळ आला. "शिसं नाही टाकता येणार. नियम आहे. जमिनीत शिसं मना आहे."

"या, या," मी त्याच्याच भाषेत हो-हो केलं, आणि गोळी सोडली.

मान वाकवून आवाज ऐकला. शवपेटीच्या लाकडावर पडली, तरी स्वच्छ आला. मी मोठ्याने "गूट" म्हणाले. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, बघू दे. त्यांच्याकडे परत आलेली ती एकच गोळी.